दोन नंबरचा गोलकीपर

"बोटं सपाट ठेवा सर," काउंटरमागची मुलगी तिसऱ्यांदा म्हणाली, आणि हितेशने तिसऱ्यांदा उजव्या हाताची चार बोटं त्या हिरव्या उजेडाच्या काचेवर टेकवली. सपाटच आहेत, असं त्याला सांगायचं होतं. पण ती सपाट नव्हती. मधलं बोट दुसऱ्या पेरापासून बाहेर वळलेलं, करंगळी आत मुडपलेली, आणि या दोन्हींच्या ओढाताणीत अनामिका काचेवरून उचलली जायची. डोंबिवली पूर्वेच्या त्या आधार केंद्रात त्याच्यामागे सात-आठ माणसं प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसली होती. मे महिना, आणि एकुलत्या पंख्याचा वारा काउंटरच्या अलीकडे येत नव्हता. मुलीच्या गळ्यातल्या कार्डावर स्वप्ना असं नाव होतं. तिने उठून, फारसा विचार न करता, आपल्या तळव्याने त्याची बोटं वरून दाबली.

"दुखतंय का?"

"नाही."

"कशाने झालंय हे?"

"बॉलने."

"क्रिकेट?"

"फुटबॉल."

तिने मान वर केली. "फुटबॉलमध्ये हात लागला की फाऊल ना?"

"मी गोलकीपर होतो," हितेश म्हणाला.

मशीनने ठसे घेतले. स्वप्नाने पावती काढून दिली, आठ-दहा दिवसांत नवा पत्ता येईल म्हणाली आणि पुढच्या नंबराला हाक मारली. हितेश जिना उतरून खाली आला, गाडीपाशी उभा राहिला आणि किल्ली हातात घेऊन तसाच उभा राहिला. होतो. हा शब्द त्याच्या तोंडून पहिल्यांदाच बाहेर पडला होता. बायकोशी, वडिलांशी, क्लबच्या मॅनेजरशी बोलताना तो इतके दिवस 'आहे'वर टिकून होता, आणि एका अनोळखी मुलीने बोटं दाबल्याबरोबर 'होतो' म्हणून मोकळा झाला. पस्तिसावं चालू होतं. एप्रिलमध्ये करार संपला होता. ईशान्येकडच्या एका क्लबने अजून एक सीझन विचारलं होतं, अर्थात बेंचवर, दोन नंबरचा गोलकीपर म्हणून. आणि ठाण्यातल्या एका शाळेच्या मैदानावर सलिलने फुटबॉलची ॲकॅडमी सुरू केली होती, त्याला गोलकीपिंगचा कोच हवा होता. 'सोमवारपासून ये. मुलांबरोबर काम आहे म्हणून पोलीस व्हेरिफिकेशन लागतं, आधारवरचा पत्ता नीट करून घे,' एवढाच सलिलचा मेसेज. हितेशने पत्ता नीट करून घेतला होता. दोघांपैकी कोणालाच उत्तर मात्र दिलं नव्हतं, आणि आज शुक्रवार होता.

बायकोचा, दर्शनाचा फोन आला. "झालं काम?"

"झालं. मी जरा कोपरीला जाऊन येतो."

"सलिलकडे ना? मग आता हो म्हणून टाक त्याला. आणखी एक वर्ष तिकडे डोंगरात जाऊन बेंचवर बसण्यात काय आहे सांग मला."

"जाऊन येतो," तो म्हणाला. दर्शनाला सगळं माहीत होतं, त्या एका गोष्टीशिवाय. ती गोष्ट सांगायची तर आधी ती नक्की काय आहे हे त्याला स्वतःला माहीत असायला हवं होतं.

मानपाड्याच्या चौकातून त्याने गाडी शीळफाट्याच्या रस्त्याला घेतली. मधोमध मेट्रोचे खांब उभे राहत होते. त्यांच्या पलीकडे, आता जिथे चोवीस मजल्यांच्या इमारती आहेत तिथे, त्याच्या लहानपणी भाताची खाचरं होती आणि त्यातली पाच खाचरं त्यांची होती. लोंब्या भरल्या की वडील, काळुराम, त्याला आणि मोठ्या भावाला पाखरं हाकायला बसवायचे. भाऊ कंटाळून पळायचा. हितेश बसायचा. कुठून थवा उतरणार ते थवा वळायच्या आधी त्याला कळायचं, हातातला डबा तो बरोबर त्या बाजूला वाजवायचा. पुढे तो फुटबॉल खेळतो म्हणजे काय करतो हे वडिलांना समजावून सांगताना त्याची पंचाईत झाली होती. गोल मारत नाही, मारलेले अडवतो. काळुरामांनी थोडा वेळ विचार केला आणि म्हणाले, "म्हंजे राखणदार." त्यांना ते पटलं. त्यानंतर गावात कोणी विचारलं की ते तेच सांगायचे. पण एक नंबरचा राखणदार आणि दोन नंबरचा राखणदार असा काही प्रकार असतो, दोन नंबरच्याने शेताच्या बांधावर बसायचं असतं आणि एक नंबरचा पडेल का, याची वाट बघायची नसते, हे वडिलांना कसं समजावणार. दर रविवारी फोनवर ते विचारायचे, "आज राखलंस कं?" आणि हितेश म्हणायचा, हो.

सोळा वर्षांत त्रेपन्न सामने. स्ट्रायकर थकला, बचाव करणाऱ्याच्या पायात गोळा आला, तर बदली खेळाडू आत जातो. गोलकीपर कधी थकत नाही. तो तिथे असतो किंवा पडतो. म्हणून दोन नंबरच्या गोलकीपरचं काम वर्षाचे दहा महिने एकच: मॅचच्या आधी पहिल्याला गरम करायचं. समोर उभं राहून त्याच्या हातात बॉल मारायचे, आधी हलके, मग डावीकडे, उजवीकडे, खाली, वर, मग जोरात, मग पुन्हा हलके. पहिल्याचा डावा खांदा आज जड आहे की नाही, रात्री झोप लागली होती की नाही, हे दुसऱ्याला त्याच्या बायकोच्या आधी कळतं. कळतं आणि पोटात ठेवायचं असतं. मग शिट्टी वाजली की खुर्चीवर बसायचं, वर जॅकेट घालायचं, आणि नव्वद मिनिटं पहिल्याच्या हातांनी बॉल पकडायचा. पहिली दोन-तीन वर्षं मॅचनंतर हितेशचे तळवे खरोखर दुखायचे. नंतर दुखेनासे झाले, आणि त्याचीच त्याला जास्त भीती वाटायची.

सलिल त्याला भेटला सोळा वर्षांखालच्या मुलांच्या जिल्हा निवडीला. पस्तीस मुलं, त्यात दोनच गोलकीपर. कोपरीचा सलिल, उंच, सरळ, हाताचे पंजे सुपाएवढे, आणि मानपाड्याचा हितेश, त्याच्यापेक्षा बोटभर बुटका, पण पायांनी चपळ. सलिलचे वडील कोकणातून येऊन वागळे इस्टेटीत लागलेले. ते लवकर गेले आणि मग घरात सलिल आणि त्याची आई, विमलाबाई, एवढीच माणसं उरली. निवड चाचणीनंतर सलिल त्याला घरी घेऊन गेला तेव्हा विमलाबाईंनी ताटात कुळथाची पिठी आणि भात वाढला होता आणि विचारलं होतं, "तुम्ही दोघं एकाच जागेवर खेळता, मग एका वेळी दोघं कसे खेळणार?" दोघंही हसले होते. त्यानंतर कित्येक वर्षं तो प्रश्न त्यांच्यामध्ये आला नाही, कारण जिल्ह्याला सलिल, राज्याला सलिल आणि मग गोव्यातल्या एका क्लबने दोघांनाही घेतलं तेव्हाही एक नंबरला सलिलच. हितेशला ते योग्यच वाटायचं. सलिल खरंच जास्त चांगला होता. हे तो आजही कोणालाही सांगेल, आणि त्यात मोठेपणाही काही नाही. थवा कुठे उतरणार ते हितेशला कळायचं. सलिल असला की थवा उतरायचाच नाही.

बायपासला लागल्यावर डावीकडे मुंब्र्याचा डोंगर तापून राखाडी दिसत होता. ट्रकच्या मागे त्याने गाडी हळू केली. कोलकात्यातला तो दिवस. नऊ वर्षं झाली. उपांत्य सामना, दुपारी पाऊस पडून गेलेला, मैदान ओलं आणि बॉल जड. राष्ट्रीय शिबिरासाठी निवड करणारी दोन माणसं स्टँडमध्ये येऊन बसलीत हे सगळ्या संघाला माहीत होतं, आणि ती कोणासाठी आलीत हेही. वॉर्म-अप संपत आला होता. सलिल म्हणाला, "बस, दोन अजून." दोन अजून म्हणजे दोन हलके बॉल असतात, हे ठरलेलं. हात उबदार ठेवून आत जायचं. हितेशने पहिला हलका दिला. दुसरा त्याने उचलून, टप्पा पडताक्षणी, हाफ-व्हॉलीवर घेतला, आठ-नऊ पावलांवरून, सगळ्या अंगाने. सलिलचा डावा पंजा मागे उलटला. आवाज झाला नाही. सलिल खाली बसला, ग्लोव्ह काढला, मनगटाकडे बघत राहिला आणि अगदी शांतपणे म्हणाला, "मोडलंय." मनगटातलं होडीच्या आकाराचं छोटं हाड, डॉक्टर म्हणाले. तिथे रक्त कमी पोचतं म्हणून ते लवकर सांधत नाही. पुढे त्यात स्क्रू घातला, आठ महिन्यांनी सलिल परत उभाही राहिला, पण हात मागे वाकायचा थांबला तो थांबलाच. शिबिराचं पत्र आलं नाही. तीन वर्षांत सलिलने खेळणं सोडलं.

आणि त्या दिवशी हितेश खेळला. त्रेपन्नातली ती सर्वांत मोठी मॅच. एकशेवीस मिनिटं एकही गोल नाही, मग पेनल्टीत दोन अडवल्या. संघाने त्याला खांद्यावर घेतलं तेव्हा खाली, माणसांच्या डोक्यांपलीकडे, सलिल हाताला पट्टी बांधून उभा होता आणि उजव्या हाताने मांडीवर टाळी वाजवत होता. मोठा क्लब, तीन वर्षांचा करार, दर्शनाशी लग्न, मानपाड्याच्या चौकात हार घातलेला फ्लेक्स, हे सगळं त्या संध्याकाळतून उगवलं. नंतर तोही करार संपला, हितेश पुन्हा बेंचवर गेला. पण आयुष्यात कधीतरी एकदा आपण काय करू शकतो हे त्याला त्या दिवशी कळलं होतं, आणि ते सुख इतकं स्वच्छ होतं की त्याच्याकडे एकट्याने बघायचीसुद्धा त्याला लाज वाटायची.

कारण त्याच्या आधीचा तो क्षण स्वच्छ नव्हता. तो क्षण बदलायचा. पहिल्या वर्षी हितेशला आठवायचं ते असं: बॉल ओला होता, पायावरून सटकला. दोन वर्षांनी त्यात भर पडली, सलिल ग्लोव्हचा पट्टा घट्ट करत होता, मान खाली होती, आणि हितेशला ते दिसेपर्यंत पाय सुटला होता. हे बरेच दिवस टिकलं. पुढे ऐझॉलमध्ये एकदा तापात पडलेला असताना त्याला पट्टा दिसला, मान दिसली आणि पाय अजून जमिनीवर असलेला दिसला. म्हणजे त्याने आधी पाहिलं आणि मग मारला. ताप उतरल्यावर त्याने ते तापावर ढकललं. तरी दरवर्षी सीझन सुरू झाला, समोर नवा एक नंबर उभा राहिला आणि "दोन अजून" म्हणाला की त्याच्या पायाला थोडा वेळ लागायचा. कोच म्हणायचे, गोलकीपरला बॉल मारून द्यायची तुझी सर्व्हिस फार मऊ आहे. सलिल कधी काही बोलला नाही. गणपतीत घरी बोलवायचा, हितेशच्या लग्नात दोन दिवस राबला, त्याला मुलगी झाली तेव्हा विमलाबाईंनी शिवलेली कुंची घेऊन आला. एखाद्याने एकदा तरी टोमणा मारावा, तर त्याला उत्तर देता येतं. सलिलने उत्तर द्यायला काही ठेवलंच नव्हतं. आणि आता त्याच्या ॲकॅडमीत, त्याच्या शेजारी, रोज सकाळी.

साकेतच्या पुलावरून खाडी ओलांडून तो कोपरीत आला तेव्हा साडेबारा वाजले होते. सलिलची तीन मजली इमारत, दारात सोललेल्या शेवग्याच्या शेंगांच्या साली वर्तमानपत्रावर. विमलाबाईंनीच दार उघडलं. त्या थकल्या होत्या, पण चेहरा फुलला.

"अगोबाई, हितेश. आधी कळवायचं तरी रे. चल, आता जेवल्याशिवाय सोडत नाही."

"सलिल आहे ना, काकी?"

"गच्चीवर आहे. त्या मुलांचे ग्लोव्हज धुऊन वाळत घालतोय. माझं वीस मिनिटांत होतं, दोघं खाली या."

गच्चीवर दोरीला लहान-लहान ग्लोव्हजच्या जोड्या चिमट्यांनी लटकत होत्या, बोटं खाली करून. सलिल बनियनवर होता, पोट जरा सुटलेलं. त्याने हितेशला पाहिलं आणि बादलीकडे बोट दाखवलं. हितेशने एक जोडी पिळली, चिमटा लावला. थोडा वेळ दोघं तेच करत राहिले. मग सलिल म्हणाला, "आधारचं झालं?"

"झालं."

"मग सोमवारी येतोयस."

"त्याच्या आधी एक बोलायचंय."

सलिलने हातातला ग्लोव्ह दोरीवर ठेवला, पण चिमटा लावला नाही.

"कोलकात्याचं," हितेश म्हणाला. वाक्य तयार करून आला नव्हता, त्यामुळे ते तुकड्यांत आलं. "तो शेवटचा बॉल. तू पट्टा लावत होतास, मान खाली होती. मला वाटतं, मी बघितलेलं. बघून मारला. मला नक्की माहीत नाही. नऊ वर्षं मी तेच शोधतोय, बघितलेलं की नाही."

खाली रस्त्यावर कोणीतरी गाडी मागे घेत होतं, तिचं गाणं वाजत राहिलं आणि थांबलं.

"पट्टा वगैरे काही नव्हता," सलिल म्हणाला.

"म्हणजे?"

"मी मान खाली घातलीच नव्हती. तुझ्याकडेच बघत होतो. गोलकीपर बॉलकडे बघतो, तुला माहितीय, पण तेव्हा मी तुझ्या तोंडाकडे बघितलं. इतकी वर्षं तू मला बॉल मारलेस, तुझा चेहरा कधी तसा नव्हता. स्ट्रायकरचा चेहरा होता तो. मला वाटलं, हा आता गोल मारतोय. आणि मी हात घातला." त्याने डावं मनगट वर धरलं, मागे वाकवायचा प्रयत्न केला. ते जिथे थांबायचं तिथे थांबलं. "सोडायला हवा होता. जाळीत गेला असता, काय बिघडत होतं, वॉर्म-अप तर होता. पण माझ्याच्याने सोडवलं नाही."

हितेश दोरीला धरून उभा होता. पायाखालची लादी तापलेली होती आणि चपलेतून ती तळव्याला लागत होती, हे त्याला स्पष्ट जाणवत होतं. त्याला वाटलं होतं, कोणीतरी नक्की सांगितलं की मोठं काहीतरी कोसळेल. काही कोसळलं नाही. नऊ वर्षं त्याने तो पट्टा किती बारकाईने बघितला होता, त्याचा रंग, त्याची शिवण, ओल्या वेल्क्रोचा आवाज. तो पट्टा त्याने स्वतःच शिवला होता.

"तुला माहीत होतं," तो म्हणाला. "मग बोलला का नाहीस?"

"आधी वाटलं, तू बोलशील. हॉस्पिटलात आलास तेव्हा वाटलं, आज बोलेल. मग लग्नात वाटलं. मग कुंची घेऊन आलो तेव्हा वाटलं." सलिलने दोरीवरचा ग्लोव्ह सरळ केला. "नंतर वाट बघायची सवय झाली. राग होता रे. पहिली दोन वर्षं तर तुझी मॅच टीव्हीवर लागली की मी तुला गोल खाताना बघायला बसायचो. आणि तू वाचवलंस की च्यायला माझेच हात उठायचे. त्याला काय करणार."

"मी त्या क्लबला हो म्हणतो," हितेश म्हणाला. "तिकडेच जातो."

"का?"

"तुझ्यासमोर रोज कसा उभा राहणार?"

"इतकी वर्षं मी राहिलोच ना," सलिल म्हणाला. त्याचा आवाज पहिल्यांदाच जरा कडक झाला. "आता तू रहा. मुलांना पाय कसे हलवायचे ते तुझ्याइतकं कोणी शिकवणार नाही, म्हणून बोलावलंय. मैत्री म्हणून नाही. पण एक आहे. सर्व्हिस तू द्यायची नाहीस. पोरांच्या हातात बॉल मी मारणार."

गोलकीपरच्या कोचने सर्व्हिस द्यायची नाही म्हणजे आचाऱ्याने चुलीला हात लावायचा नाही. हितेशला ते कळलं, आणि सलिललाही ते कळत होतं.

"किती दिवस?"

"मी सांगेपर्यंत."

"कधी सांगशील?"

"ते मला नाही माहीत," सलिल म्हणाला. खोटं बोलत नव्हता. त्याने खिशातून चिमटा काढला, शेवटचा ग्लोव्ह अडकवला, बादली उपडी केली. हितेशने मान हलवली. माफी मागायचा शब्द त्याच्या तोंडाशी आला होता, पण एवढ्या उशिरा आणि एवढ्या उन्हात तो फार छोटा वाटला, म्हणून त्याने तो उच्चारला नाही. त्याऐवजी म्हणाला, "सोमवारी किती वाजता?"

"सहा. पावणेसहाला गेटवर."

खालून विमलाबाईंची हाक आली. जिन्याच्या तोंडाशी सलिल थांबला. हितेशच्या दंडाला त्याने हात लावला, डावा, न वाकणारा.

"आईला नको सांगूस यातलं," तो म्हणाला. "तिचा जीव आहे तुझ्यावर. तिला या वयात तो काढून घ्यायला जमणार नाही."

खाली पाट मांडले होते. विमलाबाईंनी दोघांना समोरासमोर बसवलं. शेवग्याच्या शेंगांची आमटी, भात, वालाचं बिरडं. हितेश खाली मान घालून जेवू लागला. पहिला भात संपायच्या आत त्यांनी दुसरा वाढला, तो नको म्हणाला तरी, आणि शेजारी बसून पदराने वारा घेत त्याच्याकडे बघत राहिल्या.

"वाळलास रे," त्या म्हणाल्या. "आता इकडेच राहणार ना? सलिल म्हणत होता, तुझ्याशिवाय त्याचं चालायचं नाही."

हितेशने समोर पाहिलं. सलिल आमटी-भात कालवत होता. त्याने मान वर केली नाही.

"राहणार, काकी," हितेश म्हणाला, आणि त्यांनी वाढलेलं सगळं खाल्लं.